सर्व्हरवर जागा किती दिवसांची उरली आहे?

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कंपनीत मी आयटीचं काम बघते. बडोद्यात ट्रान्सफॉर्मरचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने इतके आहेत, की आमच्या दांडिया बाजारातल्या ओळखीच्या घरांत कोणी ना कोणी वाइंडिंग, टाकी नाहीतर टेस्टिंग यांत असतंच. माझा संबंध तांब्याशी नाही आणि तेलाशीही नाही. माझ्या ताब्यात आहेत ते कारखान्याचे कागद: ड्रॉइंग, टेस्ट रिपोर्ट, ग्राहकांशी झालेला पत्रव्यवहार, खरेदीच्या ऑर्डरी, इन्स्पेक्शनचे फोटो, कामगारांच्या प्रशिक्षणाचे व्हिडिओ. हे सगळं सर्व्हरवर राहतं. तिथे जागा किती उरली, ती कशाने भरते आहे आणि किती दिवस पुरेल, हे पाहणं माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. आयटीतल्या तरुण मुलांना हे काम सगळ्यांत कंटाळवाणं वाटतं. माझ्या लेखी ते सगळ्यांत महत्त्वाच्या कामांपैकी एक आहे.

आधी हा सर्व्हर असतो काय, ते सांगते. पूर्वी एखादं ड्रॉइंग पाच जणांना दाखवायचं तर ते मेलने पाच जणांना जायचं. प्रत्येक जण आपल्या प्रतीत दुरुस्ती करायचा आणि शेवटी खरं ड्रॉइंग कोणतं यावर शॉप फ्लोअरवर वाद व्हायचा. वाइंडिंगवाल्याने जुन्या प्रतीवरून काम केलं तर तांबं वाया जायचं. मिळून काम करण्याच्या सर्व्हरने ही अडचण दूर केली. फाइल एकाच ठिकाणी राहते, सगळे तिच्यावरच काम करतात, कोणी कधी काय बदललं याची नोंद राहते. मायक्रोसॉफ्टचं शेअरपॉइंट २००१ मध्ये आलं आणि पुढच्या काही वर्षांत आमच्यासारख्या अनेक कंपन्यांत रुजलं. आमचं आमच्याच इमारतीत, आमच्याच सर्व्हरवर आहे.

पडद्यावर आपल्याला फोल्डर दिसतात, त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरसारख्याच फाइली कुठेतरी ओळीने पडल्या असतील असं वाटतं. तसं नसतं. फाइल चढवली की ती मागच्या डेटाबेसच्या पोटात जाते. रजेचा अर्धा पानी अर्ज आणि टाकीचं भलंमोठं ड्रॉइंग, दोन्ही त्याच डेटाबेसमध्ये. त्यामुळे त्याला लिहायला जागा उरली नाही, की नुसती मोठी फाइल अडत नाही, रजेचा अर्जही अडतो. वाचता येतं, पण लिहिता येत नाही. आणि ज्या कारखान्यात काही लिहिता येत नाही, तिथे माल तयार असूनही गाडीत चढत नाही, कारण टेस्ट रिपोर्टवर मंजुरीची नोंद करता येत नाही.

हे मी पाहिलं आहे. आधीच्या एका कंपनीत होते तेव्हाची गोष्ट. शनिवारी दुपारी डिझाइन विभागातून फोन आला, "बेन, ड्रॉइंग सेव नथी थतुं." सोमवारी ग्राहकाचा इन्स्पेक्टर येणार होता. मी पाहिलं तर डेटाच्या डिस्कवर एक तृतीयांश जागा रिकामी! मग सेव्ह का होत नाही? कारण बाजूच्या दुसऱ्या डिस्कवर, जिथे डेटाबेसचा लॉग असतो, तिथे शून्य जागा उरली होती.

हा लॉग समजून घ्यायला आपल्या पेढीवरचा हिशेब आठवावा. दिवसभराचे व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरतात आणि तिथून खतावणीत जातात. डेटाबेसही प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितो, मग मुख्य फाइलमध्ये. मधेच वीज गेली तर लॉग वाचून तो अर्धवट राहिलेलं काम पुरं करतो किंवा रद्द करतो. त्यामुळे लॉगमध्ये लिहायला जागा नसेल, तर मुख्य फाइलमध्ये कितीही जागा मोकळी असो, डेटाबेस एक अक्षरही पुढे सरकू देत नाही. महत्त्वाच्या डेटाबेसला जी पद्धत लावलेली असते तिच्यात लॉगमधल्या जुन्या नोंदींची जागा पुन्हा वापरता येते ती लॉगचा बॅकअप घेतल्यावरच. तो बॅकअप थांबला, तर लॉग वाढत जातो. किती वाढतो? डिस्क संपेपर्यंत.

आमचा बॅकअप थांबला होता. तो ज्या खात्याच्या नावाने चालायचा, त्या खात्याच्या पासवर्डची मुदत संपली होती. सर्व्हर गप्प बसला नव्हता. बॅकअप झाला नाही असा मेल तो रोज रात्री पाठवत होता, पण तो मेल जात होता नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या पेटीत. आम्ही लॉगचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घेतला, आतली जागा मोकळी झाली आणि संध्याकाळपर्यंत काम सुरू झालं. एकही फाइल गेली नाही. पण डिझाइनची माणसं रविवारी कामावर आली, आणि त्यांचा रविवार ज्या कारणाने गेला ते कारण कित्येक रात्री आधीच कळवलेलं होतं, हे मला आजही सलतं.

छोट्या कंपनीतला हा ढिसाळपणा म्हणून कोणी सोडून देईल. पण २९ ऑगस्ट २०२३ रोजी जपानमधले टोयोटाचे १४ कारखाने, त्यांतल्या २८ असेंब्ली लाइन, बंद पडल्या. पहिला संशय सायबर हल्ल्याचा. पुढे कंपनीनेच खुलासा केला. २७ ऑगस्टला सुट्या भागांच्या ऑर्डरी हाताळणाऱ्या सर्व्हरची नेहमीची देखभाल होती. डेटाबेसमध्ये साचलेला डेटा पुसून नीट लावण्याचं काम चाललं होतं, त्यात डिस्कवर जागा अपुरी पडली आणि यंत्रणा थांबली. राखीव सर्व्हर होते, पण तेही त्याच यंत्रणेवर चालणारे, त्यामुळे त्यांचंही तेच झालं. डेटा जास्त क्षमतेच्या सर्व्हरवर हलवल्यावर काम पूर्ववत झालं. गोदामात भाग साठवून न ठेवता लागतील तेव्हा मागवण्याची शिस्त साऱ्या जगाला शिकवणारी ही कंपनी. तिथे डिस्कवरची जागा कमी पडली! आणि तीही साफसफाई चालू असताना. पुसण्याचं कामही डेटाबेसला आधी लॉगमध्ये लिहावं लागतं, त्यालाही जागा लागते. जागा संपत आल्यावर "पुसून टाकू" म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. साफसफाई करायची तर जागा असतानाच करायची.

जागा भरते कशी, हेही सांगायला हवं, कारण फाइल चढवणाऱ्याला ते दिसत नाही. सर्वांत मोठा वाटा जुन्या आवृत्त्यांचा. समजा २० एमबीचं ड्रॉइंग आहे आणि ग्राहकाच्या शेऱ्यांनुसार ते चाळीस वेळा सुधारलं. फोल्डरमध्ये एकच फाइल दिसते. शेअरपॉइंटच्या २०१३ पूर्वीच्या पद्धतीत मागे चाळीसही पूर्ण प्रती राहायच्या, म्हणजे ८०० एमबी. २०१३ पासून बदललेले तुकडेच वेगळे साठवले जाऊ लागले. वर्ड-एक्सेलच्या फाइलींत त्याने बराच फायदा होतो. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर सेव्ह करताना फाइलचा बराचसा भाग नव्याने लिहितं, त्यामुळे तिथे हा फायदा नेहमी मिळतोच असं नाही. म्हणून किती आवृत्त्या ठेवायच्या याला मर्यादा घालावी लागते, आणि ती सगळीकडे एकच घालून चालत नाही. ग्राहकाने मंजूर केलेली प्रत हवीच. कोणी स्पेलिंग सुधारून सेव्ह केलेली नको.

दुसरी गोष्ट म्हणजे पुसलेल्या फाइली. "मॅडम, आम्ही काल एवढं डिलीट केलं, तरी जागा तेवढीच कशी?" हा प्रश्न मला जेवणाच्या सुट्टीतही विचारला जातो. पुसलेली फाइल आधी त्या विभागाच्या रिसायकल बिनमध्ये जाते. तिथून काढली तर प्रशासकाच्या दुसऱ्या बिनमध्ये. आमच्यासारख्या स्वतःच्या सर्व्हरवर ही मुदत मुळात ३० दिवसांची असते, क्लाउडवरच्या शेअरपॉइंटमध्ये ९३ दिवसांची. तिथूनही गेली, तरी डेटाबेसची फाइल आकाराने लहान होत नाही. तिच्या आत पोकळी राहते आणि पुढच्या फाइली त्या पोकळीत बसतात. म्हणजे विंडोज डिस्क भरली म्हणतं, तेव्हा आत भरपूर जागा असू शकते. उलटही होतं. म्हणून मी डिस्कवरची जागा आणि डेटाबेसच्या आतली जागा हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवूनच वाचते. ती पोकळी दाबून फाइल लहान करण्याची सोय आहे, पण त्याने आतली मांडणी विस्कटते आणि सगळं मंदावतं. नाइलाज असल्याशिवाय मी ती वापरत नाही.

आता टक्क्यांबद्दल. बहुतेक यंत्रणा "१० टक्के जागा उरली" की इशारा देतात. ४ टीबीच्या डिस्कवर १० टक्के म्हणजे सुमारे ४०० जीबी, आणि १०० जीबीच्या डिस्कवर १० जीबी. पहिली रोज ५ जीबीने भरत असेल तर ऐंशी दिवस आहेत, दुसरी त्याच वेगाने भरत असेल तर दोन. इशारा मात्र दोन्हीकडे शब्दशः तोच! म्हणून मी माझ्या तक्त्यात टक्क्यांच्या जागी दिवस लिहायला सुरुवात केली. नवीन डिस्कची खरेदी मंजूर होऊन ती बसेपर्यंत आमच्याकडे जितका वेळ लागतो, त्याच्या दुप्पट दिवस उरले की मी खरेदी विभागाला लिहिते. साहेबांनाही हे लगेच कळलं. "बारा टक्के" म्हटल्यावर कोणी मान वर करत नव्हतं, "छत्तीस दिवस" म्हटल्यावर करतात.

भरण्याचा वेगही सरळ रेषेत जात नाही. मार्चअखेर डिस्पॅचची घाई असते, तेव्हा टेस्ट रिपोर्ट आणि इन्स्पेक्शनच्या फोटोंची रीघ लागते. फेब्रुवारीच्या सरासरीवर मार्चचा अंदाज बांधला तर तो हमखास चुकतो. मी गेल्या मार्चचा आकडा समोर ठेवते. दिवाळीच्या सुट्टीत उलट काहीच भरत नाही, पण त्याच सुट्टीत बॅकअप बंद पडला तर पाहायला कोणी नसतं, म्हणून सुट्टीत लॉगवर जास्त लक्ष.

"डिस्क किती स्वस्त झाली, घ्या ना दोन जास्तीच्या!" असं मला नेहमी ऐकावं लागतं. स्वस्त झाली हे खरंच. १९५६ मध्ये आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये पन्नास तबकड्या होत्या, तिचं वजन टनभर होतं आणि तिच्यात पन्नास लाख अक्षरं मावायची. आज फोनवरचा एखादा फोटोही तेवढा मोठा असतो. पण कंपनीच्या सर्व्हरवर एक फाइल कधीच एकटी नसते. एक डिस्क बिघडली तरी काम चालावं म्हणून तिची जोडप्रत असते, रात्रीचा बॅकअप असतो, इमारतीबाहेर ठेवलेला बॅकअप असतो. एक जीबी ठेवला की चार जीबींची सोय करावी लागते. शिवाय बॅकअप परत चढवायचा तर वेळ लागतो. सेकंदाला १०० एमबी या वेगाने २०० जीबीचा डेटाबेस पस्तीसेक मिनिटांत परत येतो, २ टीबीचा यायला सहा तासांच्या जवळपास. मायक्रोसॉफ्टने सर्वसाधारण वापरासाठी एका डेटाबेसला २०० जीबीची मर्यादा सुचवली आहे, तिला हे मोठं कारण आहे. कारखाना पस्तीस मिनिटं चहा पिऊ शकतो, सहा तास नाही.

इमारतीबाहेरच्या प्रतीबद्दल बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीसेक इंच पाऊस झाला. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी शहरात शिरली आणि वस्त्या दिवसेंदिवस पाण्यात राहिल्या. तळमजल्यावरच्या खोलीत सर्व्हर आणि त्याच खोलीत बॅकअप ठेवणं या शहरात कोणालाच परवडणारं नाही. पण बाहेरच्या त्या जागेचाही हिशेब ठेवावा लागतो. मुख्य डिस्कवर जागा आहे आणि बॅकअपची डिस्क भरून गेली आहे, असं पाहायला मिळतं तेव्हा खरी काळजी वाटते.

यंत्राकडून होणारं काम इथे संपतं. पुढचा प्रश्न ठेवायचं काय आणि काढायचं काय हा, आणि तो माझ्या हातातला नाही. डिझाइनचे प्रमुख मला म्हणतात, "कशुं डिलीट ना करता." काही म्हणजे काहीही पुसायचं नाही. ते बरोबर बोलतात. पॉवर ट्रान्सफॉर्मर पंचवीस-तीस वर्षं आणि त्याहून जास्तही चालतो. वीस वर्षांनी तो दुरुस्तीला आला, तर तो प्रत्यक्षात जसा बांधला गेला त्याचं ड्रॉइंग लागतंच. हिशेब विभागाला कंपनी कायदा २०१३ प्रमाणे आठ आर्थिक वर्षांच्या वह्या ठेवाव्या लागतात; जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. पण एकच कॅटलॉग नऊ फोल्डरांत, प्रशिक्षणाच्या व्हिडिओचं न कापलेलं चित्रीकरण, फोनवरून आलेले एकाच बुशिंगचे एकसारखे फोटो, हे कोणत्याही कायद्याने मागितलेलं नाही. यातलं काय कामाचं, हे बुशिंग ओळखणाराच सांगू शकतो. मी फाइलचा आकार आणि तारीख सांगू शकते, तिची किंमत नाही.

बडोद्याने हे शंभर वर्षांपूर्वी जाणलं होतं, असं मला वाटतं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं आणि मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं. त्यातली स्नीड कंपनीची मजल्यावर मजले चढत जाणारी पोलादी कपाटं आणि वरचा उजेड खालपर्यंत पोचावा म्हणून केलेली काचेची जमीन आजही पाहायला माणसं येतात. तेवढ्याच जागेत जास्त पुस्तकं मावतात ती त्या मजल्यांमुळे. पण बॉर्डन कपाटांपाशी थांबले नाहीत. पुस्तकं कशी लावायची, नोंदायची, शोधायची हे शिकवणारा वर्गही त्यांनी बडोद्यात सुरू केला. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ ते १९२५ बडोद्याच्या चाकरीत होते. निवृत्तीनंतर पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या अगणित मोडी कागदांतून निवडक कागदांचे ४५ खंड त्यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निघाले. ती निवड दफ्तराच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे होती त्याला करता आली नसती. किल्ली माझ्याकडे आहे. निवड विभागांनी करायची आहे.

म्हणून आमच्याकडे आता प्रत्येक विभागाच्या साइटला एक मालक नेमलेला आहे. शेअरपॉइंटमध्ये प्रत्येक साइटला जागेचा कोटा लावता येतो आणि त्याच्या अलीकडे इशाऱ्याचा आकडा. तो मेल मला जातो तसाच त्या मालकालाही जातो. तीन महिन्यांनी आम्ही समोरासमोर बसतो. मी सर्वांत मोठ्या फाइली, सर्वांत जास्त आवृत्त्या आणि बराच काळ न उघडलेले फोल्डर छापून नेते, निर्णय ते घेतात. डिझाइनवाल्यांबरोबरची बैठक लांबते आणि तिच्यात चढा आवाजही लागतो, पण तिथून उठताना मला कधी रिकाम्या हाताने उठावं लागत नाही.

इशारे आता एका माणसाला न जाता गटाला जातात. नोकरी सोडणाऱ्याच्या फॉर्ममध्ये लॅपटॉप आणि ओळखपत्र परत केल्याच्या खाली "अलर्ट कोणाकडे वळवले" असा रकाना एचआरने माझ्या आग्रहाखातर घातला. महिन्यातून एकदा आम्ही मुद्दाम मोठी फाइल ठेवून जागा कमी करतो आणि इशारा खरंच येतो का, कोण उत्तर देतं, हे पाहतो. लॉगच्या डिस्कवर काही जीबींची एक निरुपयोगी फाइल कायम ठेवलेली असते. सगळं अडलं तर ती पुसायची. बॅकअप घेण्यापुरता श्वास मिळतो.

क्लाउडवर गेलो की ही कटकट संपेल, असं अनेकांना वाटतं. शेअरपॉइंटच्या २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांना मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जुलै २०२६ पर्यंतचाच, त्यामुळे हलण्याचा विचार बऱ्याच कंपन्यांना करावा लागतो आहे. तिथे लॉग आणि डिस्क त्यांची, हे सुख मोठं आहे. पण जागा मोजूनच मिळते: नेहमीच्या योजनांत कंपनीला १ टीबी आणि दर परवान्यामागे १० जीबी. दीडशे माणसांच्या कंपनीला साधारण अडीच टीबी. त्यापुढे पैसे. न निवडलेला पसारा तसाच उचलून तिकडे नेला, तर त्याचं बिल दर महिन्याला येत राहील.

तुमच्या कचेरीतही असा सर्व्हर असेल, आपला किंवा भाड्याचा. तुम्ही आयटीत नसलात तरी उद्या आपल्या आयटीवाल्यांना दोन गोष्टी विचारा: आजच्या वेगाने जागा किती दिवस पुरेल, आणि ती संपत आल्याचा मेल कोणाला जातो. उत्तरादाखल एखादं नाव मिळालं, तर ते माणूस अजून कंपनीत आहे ना, तेवढं पाहून घ्या.